राउटरच्या कार्यपद्धती

राउटरच्या कार्यपद्धती हे एकाच राउटर यंत्राकडून संगणकजालातील निरनिराळी कामे करून घेण्यासाठी त्यात दिलेले पर्याय होत. यंत्राच्या व्यवस्थापन पानावर हे पर्याय ‘मोड’ या नावाने आढळतात. राउटर, ॲक्सेस पॉइंट, ब्रिज, रिपीटर, क्लायंट, विस्प आणि मेश या त्यांतील प्रमुख कार्यपद्धती आहेत. यंत्र तेच राहते. मात्र निवडलेल्या पद्धतीनुसार ते जाळ्याचे प्रवेशद्वार बनते, केवळ वाय-फायचा स्रोत बनते किंवा दुरून आलेला संकेत पुढे पाठवणारा टप्पा बनते.

घर, शाळा, दुकान किंवा ग्रामपंचायत कार्यालय यांसारख्या लहान जाळ्यात साधारणपणे एकाच यंत्राने पत्ते वाटावेत व इंटरनेटशी व्यवहार करावा आणि उरलेल्या यंत्रांनी त्याच्या हाताखाली काम करावे, हे या विषयाचे मूलतत्त्व आहे. ते पाळले न गेल्यास कोणतेही यंत्र नादुरुस्त नसताना जाळे बिघडल्यासारखे वागते. ग्रामीण महाराष्ट्रात एका जोडणीवर शाळा, अंगणवाडी, आरोग्य उपकेंद्र व कार्यालय अशा अनेक ठिकाणांची गरज भागवावी लागते. तेथे योग्य कार्यपद्धतीची निवड विशेष महत्त्वाची ठरते.

एका पेटीतील अनेक यंत्रे

राउटर या शब्दाचा मूळ अर्थ ‘मार्ग ठरवणारा’ असा आहे. दोन किंवा अधिक जाळ्यांच्या सीमेवर राहून आलेले माहितीचे पुडके कोणत्या वाटेने पुढे पाठवायचे, हे राउटर ठरवतो. बाजारात राउटर म्हणून मिळणाऱ्या घरगुती पेटीत मात्र या एका कामाखेरीज इतर अनेक कामे एकत्र केलेली असतात. ती पुढीलप्रमाणे:

• मार्गनिश्चिती: घरातील जाळे व सेवा पुरवठादाराचे जाळे यांच्यात माहितीची ने-आण करणे.
• नॅट: घरातील सर्व उपकरणांचे खासगी पत्ते एका बाह्य पत्त्यामागे झाकणे.
• डीएचसीपी: जोडल्या जाणाऱ्या प्रत्येक उपकरणाला आपोआप पत्ता देणे.
• फायरवॉल: बाहेरून न मागता आलेली माहिती अडवणे.
• स्विच: केबलने जोडलेल्या उपकरणांना एकमेकांशी जोडणे.
• ॲक्सेस पॉइंट: वाय-फाय संकेत प्रसारित करणे.

फायबर जोडणीत सेवा पुरवठादार जी पेटी बसवतो, तिला ओएनटी म्हणतात. ती प्रकाशसंकेताचे विद्युतसंकेतात रूपांतर करते. अलीकडील बहुतेक ओएनटीमध्ये वरील सर्व कामेही समाविष्ट असतात. त्यामुळे ओएनटीला आणखी एक राउटर जोडला, की एकच काम करणारी दोन यंत्रे एकामागे एक उभी राहतात. कार्यपद्धती बदलणे म्हणजे वरील कामांपैकी काही चालू ठेवणे व काही बंद करणे होय.

पार्श्वभूमी

इंटरनेटवरील प्रत्येक उपकरणाला आयपी पत्ता लागतो. आयपीच्या चौथ्या आवृत्तीत पत्ता ३२ बिटांचा असल्याने एकूण ४,२९,४९,६७,२९६ पत्तेच शक्य आहेत. हे पत्ते पुरणार नाहीत, हे १९९० च्या दशकाच्या आरंभीच स्पष्ट झाले होते. १९९४ मध्ये नॅट या तंत्राचे वर्णन प्रसिद्ध झाले आणि १९९६ मध्ये खासगी जाळ्यांसाठी तीन पत्तामाला राखून ठेवण्यात आल्या. ‘१०.’ ने सुरू होणारे पत्ते, ‘१७२.१६.’ ते ‘१७२.३१.’ या मर्यादेतील पत्ते आणि ‘१९२.१६८.’ ने सुरू होणारे पत्ते, अशा त्या आहेत. घरातील मोबाइलमध्ये दिसणारा १९२.१६८.१.५ यांसारखा पत्ता यांपैकी शेवटच्या मालेतील असतो. तो जगात असंख्य घरांत एकाच वेळी वापरात असू शकतो. कारण तो घराबाहेर जात नाही.

नॅटचे कार्य जुन्या वाड्याच्या देवडीच्या उदाहरणाने समजते. वाड्यात अनेक बिऱ्हाडे असली, तरी टपाल वाड्याच्या एकाच पत्त्यावर येते. कोणत्या बिऱ्हाडाने कोणाला पत्र धाडले होते, याची नोंद देवडीवरील माणूस ठेवतो आणि उत्तर आले की ते योग्य खोलीत पोहोचवतो. कोणीही न मागवलेले पाकीट आले, तर ते कोणाचे हे त्याला कळत नाही व तो ते परत करतो. नॅट अशीच नोंद ठेवते. एका वाड्याला एक देवडी पुरते. देवडीच्या आत दुसरी देवडी बसवली, तर आतल्या बिऱ्हाडांची पत्रे बाहेर जातात, परंतु बाहेरून येणाऱ्या पाहुण्याला वाट सापडत नाही. पुढे वर्णिलेल्या दुहेरी नॅटचे स्वरूप हेच आहे.

वायरलेस जाळ्यांचे ८०२.११ हे मानक १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. भारतात २.४ गिगाहर्ट्झ पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त झाला. ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील बराच भाग २०१८ च्या अधिसूचनेने खुला झाला. यानंतर एकाच घरात किंवा संस्थेत एकाहून अधिक वाय-फाय यंत्रे बसवणे सामान्य झाले आणि कार्यपद्धती निवडण्याचा प्रश्न तज्ज्ञांपुरता मर्यादित राहिला नाही.

प्रमुख कार्यपद्धती

राउटर मोड

ही यंत्राची मूळ पद्धती होय. नवीन यंत्र बहुधा याच पद्धतीत येते. सेवा पुरवठादाराकडून आलेली केबल वॅन या नावाच्या पोर्टला जोडली जाते आणि घरातील उपकरणे लॅन पोर्टला किंवा वाय-फायला जोडली जातात. मार्गनिश्चिती, नॅट, डीएचसीपी व फायरवॉल ही सर्व कामे चालू असतात.

बाह्य जोडणीचे तीन प्रकार प्रामुख्याने आढळतात. पहिल्यात पुरवठादाराकडून पत्ता आपोआप मिळतो. दुसऱ्यात ठरावीक पत्ता हाताने भरावा लागतो. तिसऱ्या प्रकाराला पीपीपीओई म्हणतात. त्यात पुरवठादाराने दिलेले वापरकर्ता नाव व परवलीचा शब्द राउटरमध्ये नोंदवावा लागतो. भारतातील अनेक फायबर व केबल जोडण्या या तिसऱ्या प्रकारच्या आहेत. पीपीपीओईच्या वेष्टनासाठी प्रत्येक पुडक्यातील ८ बाइट खर्च होतात; म्हणून पुडक्याची कमाल मर्यादा १५०० ऐवजी १४९२ बाइट ठेवली जाते. ही मर्यादा चुकीची असल्यास काही संकेतस्थळे उघडतात आणि काही अर्धवट उघडून थांबतात.

सिमकार्ड घालून चालणारे राउटरही याच पद्धतीचे होत. त्यांत केबलच्या जागी मोबाइल जाळे हे बाह्य द्वार असते.

ॲक्सेस पॉइंट मोड

या पद्धतीत यंत्र राउटरचे काम सोडून देते. नॅट, डीएचसीपी व फायरवॉल बंद होतात. मुख्य राउटरकडून केबलने आलेले जाळे वाय-फायच्या रूपाने पसरवणे, एवढेच काम उरते. जोडली जाणारी उपकरणे मुख्य राउटरकडूनच पत्ता घेतात. त्यामुळे एका खोलीतील संगणक व दुसऱ्या खोलीतील छपाईयंत्र एकाच जाळ्यात राहतात आणि एकमेकांना सापडतात.

ज्या यंत्रात हा पर्याय दिलेला नसतो, त्यातही हे काम साधता येते. त्यासाठी यंत्राचा स्वतःचा लॅन पत्ता मुख्य राउटरच्या मालेतील, परंतु अन्य कोणालाही न दिलेला असा ठेवतात; डीएचसीपी बंद करतात आणि केबल वॅनऐवजी लॅन पोर्टला जोडतात. केबल वॅन पोर्टला जोडली गेल्यास यंत्र पुन्हा राउटरप्रमाणे वागू लागते.

ॲक्सेस पॉइंट पद्धतीत पालक-नियंत्रण, वेगाची वाटणी किंवा पाहुण्यांसाठी स्वतंत्र जाळे या सोयी अनेकदा उपलब्ध नसतात. कारण ती कामे मुख्य राउटरकडे गेलेली असतात. तांब्याच्या ईथरनेट केबलची मानक मर्यादा १०० मीटर आहे. त्यापलीकडे मध्ये स्विच, फायबर किंवा वायरलेस सेतू लागतो.

ब्रिज मोड

ब्रिज म्हणजे सेतू. ही संज्ञा दोन भिन्न अर्थांनी वापरली जाते आणि तीमुळे बराच गोंधळ होतो.

पहिला अर्थ पुरवठादाराच्या ओएनटीशी किंवा मोडेमशी संबंधित आहे. ओएनटी ब्रिज मोडमध्ये ठेवली, की ती केवळ संकेताचे रूपांतर करून माहिती जशीच्या तशी पुढे देते. पत्ता मिळवणे, पीपीपीओईची नोंदणी व नॅट ही कामे ग्राहकाच्या राउटरकडे जातात. अशा बदलासाठी पीपीपीओईचा तपशील आणि काही ठिकाणी व्हीलॅन क्रमांकही पुरवठादाराकडून घ्यावा लागतो. त्याच ओएनटीवरून दूरध्वनी किंवा दूरदर्शन सेवा मिळत असल्यास त्या चालू राहतील का, याची खात्री आधी करावी लागते.

दुसरा अर्थ वायरलेस सेतूचा आहे. समोरासमोरच्या दोन इमारतींवर एकमेकांकडे रोखलेली दोन यंत्रे बसवून केबलऐवजी रेडिओलहरींनी एकच जाळे जोडले जाते. त्यासाठी दोन्ही टोकांमध्ये थेट दृष्टिरेषा असावी लागते. उन्हाळ्यात निष्पर्ण असलेले झाड पावसाळ्यात पालवल्यावर मध्ये येऊ शकते, हे अशी जोडणी करताना लक्षात घेतले जाते.

रिपीटर मोड

रिपीटर मुख्य राउटरचा वाय-फाय संकेत ग्रहण करून पुन्हा प्रसारित करतो. केबल लागत नसल्याने ही पद्धती सर्वांत सोपी वाटते. तथापि तिच्या दोन मर्यादा आहेत. एकाच रेडिओचा रिपीटर एकाच वाहिनीवर आधी ऐकतो व मग बोलतो. त्यामुळे उपलब्ध वेग साधारणपणे निम्मा होतो. एका रिपीटरपुढे दुसरा लावल्यास तो पुन्हा घटतो. दोन पट्ट्यांच्या यंत्रात एका पट्ट्यावर ऐकून दुसऱ्यावर बोलण्याची सोय असते, तेव्हा ही घट कमी होते.

दुसरी मर्यादा जागेची आहे. जेथे संकेत पोहोचत नाही तेथेच रिपीटर ठेवण्याची चूक सर्रास होते. ज्याला स्वतःला नीट ऐकू येत नाही, तो पुढे काय सांगणार? म्हणून मुख्य राउटर व अंधारी जागा यांच्या मधोमध, जेथे संकेत अद्याप चांगला आहे, अशा ठिकाणी रिपीटर ठेवावा लागतो. माती-विटांच्या जाड भिंती संकेत शोषतात आणि टिनपत्रे तो परावर्तित करतात. विदर्भातील जुन्या घरांत व पत्र्याच्या छपरांच्या खोल्यांत हा परिणाम ठळकपणे जाणवतो.

क्लायंट मोड

या पद्धतीत यंत्र वाय-फाय पसरवत नाही. उलट मोबाइलप्रमाणे दुसऱ्या वाय-फायला जोडले जाते आणि मिळालेली जोडणी आपल्या लॅन पोर्टमधून केबलने देते. वाय-फायची सोय नसलेला जुना संगणक किंवा छपाईयंत्र जाळ्यात आणण्यासाठी ती उपयोगी पडते. जुना राउटर टाकून न देता पुन्हा कामास लावण्याचा हा एक मार्ग आहे.

विस्प मोड

वायरलेस इंटरनेट सेवा पुरवठादार या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे जोडून हे नाव झाले आहे. यात राउटरचे बाह्य द्वार केबल नसून दुसरे वाय-फाय असते. यंत्र त्या वाय-फायकडून एक पत्ता घेते, नॅट व डीएचसीपी चालू ठेवते आणि आपले स्वतंत्र जाळे निर्माण करते. वसतिगृह, यात्रीनिवास किंवा सार्वजनिक वाय-फाय अशा परक्या जाळ्यावर स्वतःची उपकरणे वेगळी व सुरक्षित ठेवायची असल्यास ही पद्धती योग्य ठरते.

रिपीटर व विस्प बाहेरून सारखे दिसले, तरी त्यांत मूलभूत फरक आहे. रिपीटर मुख्य जाळेच लांबवतो. विस्प त्या जाळ्याच्या आत दुसरे जाळे उभारतो.

मेश मोड

मेश म्हणजे जाळीदार रचना. यात अनेक यंत्रे एकाच नावाचे वाय-फाय देतात, परस्परांतील मार्ग स्वतः ठरवतात आणि एक यंत्र बंद पडल्यास शक्य तेथे दुसरा मार्ग धरतात. त्यांपैकी एक यंत्र राउटरचे काम करते आणि बाकीची त्याचे अनुसरण करतात. मेश जाळ्यांचे ८०२.११एस हे मानक २०११ मध्ये आले. निरनिराळ्या उत्पादकांची यंत्रे एकत्र चालावीत म्हणून २०१८ मध्ये ‘ईझीमेश’ हा प्रमाणन कार्यक्रम सुरू झाला. तरीही प्रत्यक्षात एकाच उत्पादकाची यंत्रे घेणे सोयीचे ठरते. मेशमधील यंत्रे शक्य असेल तेथे केबलने जोडल्यास वायरलेस टप्प्यांत होणारी वेगाची घट टळते.

तुलना

• राउटर: पत्ते स्वतः वाटतो; नॅट चालू; बाहेरची जोडणी केबल, फायबर किंवा सिमकार्डवरून; जाळ्यात असा एकच असावा.
• ॲक्सेस पॉइंट: पत्ते वाटत नाही, नॅट बंद, मुख्य राउटरपर्यंत केबल आवश्यक, वेग व स्थैर्य चांगले.
• ब्रिज: पत्ते वाटत नाही, नॅट बंद, दोन टोके जोडण्यासाठी किंवा ओएनटीचे राउटरपण काढून घेण्यासाठी.
• रिपीटर: पत्ते वाटत नाही, नॅट बंद, केबल नको, वेग घटतो.
• क्लायंट: पत्ते वाटत नाही; वाय-फाय घेऊन केबलने देतो.
• विस्प: पत्ते स्वतः वाटतो, नॅट चालू, बाहेरची जोडणी दुसऱ्या वाय-फायवरून.
• मेश: एक यंत्र राउटर, बाकीची दुय्यम.

चुकीच्या निवडीचे परिणाम

दुहेरी नॅट

पुरवठादाराची ओएनटी व ग्राहकाचा राउटर ही दोन्ही यंत्रे राउटर मोडमध्ये असल्यास पत्त्यांचे रूपांतर दोनदा होते. संकेतस्थळे पाहणे, संदेश पाठवणे व चित्रफिती पाहणे यांत सहसा अडचण येत नाही. त्यामुळे दोष बराच काळ लक्षात येत नाही. घरातील कॅमेरा बाहेरून थेट पाहणे, कार्यालयाच्या संगणकाशी दुरून जोडणे किंवा काही ऑनलाइन खेळ यांसाठी मात्र बाहेरून आत येणारी वाट लागते आणि ती दोन ठिकाणी उघडावी लागते. एका यंत्राला जोडलेले छपाईयंत्र दुसऱ्या यंत्राला जोडलेल्या मोबाइलला न सापडणे, हे दुहेरी नॅटचे नेहमीचे लक्षण होय.

राउटरच्या व्यवस्थापन पानावर वॅनचा पत्ता पाहिल्यास दोष ओळखता येतो. तो पत्ता पूर्वोक्त खासगी मालांपैकी असेल, तर राउटरच्या वरच्या बाजूस आणखी एक नॅट आहे, असे समजावे. तो १००.६४ ते १००.१२७ या मर्यादेत असेल, तर नॅट पुरवठादाराच्या जाळ्यात आहे. ही माला २०१२ मध्ये केवळ याच कामासाठी राखून ठेवण्यात आली. काही पुरवठादार, विशेषतः मोबाइल कंपन्या, या कामासाठी ‘१०.’ ची मालाही वापरतात. पुरवठादाराकडील नॅट घरातील यंत्राची कार्यपद्धती बदलून दूर होत नाही.

दोन डीएचसीपी

ॲक्सेस पॉइंट म्हणून लॅन पोर्टला जोडलेल्या यंत्रात डीएचसीपी चालू राहिल्यास एकाच जाळ्यात पत्ते वाटणारे दोघे होतात. नव्याने जोडले जाणारे उपकरण ज्याचे उत्तर आधी येईल त्याचा पत्ता स्वीकारते. परिणामी काही उपकरणांना इंटरनेट मिळते आणि काहींना मिळत नाही. उपकरण बंद करून पुन्हा चालू केल्यावर पाळी बदलते. संगणक कक्षात तीस संगणकांपैकी दहा चालत नाहीत व ते दहा रोज निराळे असतात, अशा स्थितीत सर्वप्रथम याच कारणाचा शोध घेतला जातो. ऑनलाइन परीक्षा किंवा प्रवेश अर्जाच्या अखेरच्या दिवशी असा दोष उद्भवल्यास त्याची झळ विद्यार्थ्यांना बसते.

समान पत्ता

अनेक उत्पादकांच्या राउटरचा कारखान्यातील पत्ता १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ असा असतो. दोन यंत्रांचा पत्ता एकच असल्यास व्यवस्थापन पान कधी एकाचे व कधी दुसऱ्याचे उघडते, किंवा उघडतच नाही. दुय्यम यंत्राचा पत्ता जोडणीपूर्वी बदलणे, हा त्यावरील उपाय आहे.

सुरक्षितता

कार्यपद्धती बदलताना सुरक्षिततेची जबाबदारीही एका यंत्राकडून दुसऱ्याकडे जाते. ओएनटी ब्रिज मोडमध्ये ठेवून तिला राउटरऐवजी थेट संगणक जोडला, तर तो संगणक फायरवॉलविना इंटरनेटसमोर उघडा पडू शकतो. ॲक्सेस पॉइंट व रिपीटर यांना स्वतःची फायरवॉल नसते. मुख्य राउटरची फायरवॉल त्यांच्या वतीने काम करते. त्यांचे वाय-फाय मात्र स्वतंत्र असल्याने मुख्य राउटरवर डब्ल्यूपीए-२ किंवा २०१८ मध्ये आलेली डब्ल्यूपीए-३ सुरक्षा असून दुय्यम यंत्र खुले राहिल्यास संपूर्ण जाळेच खुले होते.

प्रत्येक यंत्राच्या व्यवस्थापन पानाचा मूळ परवलीचा शब्द बदलणे आवश्यक असते. २०१६ मध्ये ‘मिराई’ या घातक प्रणालीने कारखान्यातील परवलीचे शब्द न बदललेले कॅमेरे व राउटर मोठ्या संख्येने ताब्यात घेतले आणि त्यांच्याद्वारे ऑक्टोबर महिन्यात अमेरिकेतील डाइन या कंपनीवर हल्ला केला. त्या दिवशी अनेक प्रसिद्ध संकेतस्थळे काही तास बंद पडली होती. ज्यांची यंत्रे त्यात वापरली गेली, त्यांतील बहुतेकांना याचा पत्ताही नव्हता.

महाराष्ट्रातील वापर

भारतनेट व महानेट

ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्यासाठी केंद्र सरकारने ऑक्टोबर २०११ मध्ये राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळे ही योजना मंजूर केली. पुढे तिला भारतनेट हे नाव मिळाले. महाराष्ट्रात दुसऱ्या टप्प्याचे काम राज्य शासनाच्या माध्यमातून महानेट या नावाने हाती घेण्यात आले. मंगरूळपीर हे वाशीम जिल्ह्यातील सहा तालुक्यांपैकी एका तालुक्याचे मुख्य ठिकाण आहे. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झालेला वाशीम जिल्हा केंद्र सरकारच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. भारतनेटच्या रचनेत तालुक्याचे ठिकाण हा एक महत्त्वाचा टप्पा असतो; तेथून फायबर ग्रामपंचायतींकडे जाते.

पहिल्या टप्प्यातील रचनेत ग्रामपंचायतीत ओएनटी बसवली जात असे आणि फायबर सरळ रेषेत जात असे. रस्त्याच्या खोदकामात फायबर एका ठिकाणी तुटले, की त्यापुढील सर्व गावे जाळ्याबाहेर पडत. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित भारतनेट कार्यक्रमासाठी १,३९,५७९ कोटी रुपयांची तरतूद आहे. त्यात गावे वलयाकार फायबरने जोडून तालुक्याच्या व ग्रामपंचायतीच्या ठिकाणी राउटर बसवण्याची योजना आहे. वलय एका बाजूने तुटले, तर राउटर दुसऱ्या बाजूची वाट निवडतो. ‘मार्ग ठरवणारा’ हा राउटरचा मूळ अर्थ येथे प्रत्यक्षात उतरतो. घरातील राउटरला बाहेर जाण्याची एकच वाट असल्याने निवडीचा प्रश्न तेथे क्वचितच येतो.

नमुना मांडणी

ग्रामपंचायत कार्यालयात फायबर पोहोचले आहे, प्राथमिक शाळा तेथून सुमारे ३०० मीटरवर आहे आणि शाळेला दोन इमारती आहेत, असे समजू. कार्यालयातील यंत्र राउटर मोडमध्ये राहील. अंतर १०० मीटरपेक्षा अधिक असल्याने तांब्याची केबल चालणार नाही. म्हणून कार्यालयाच्या व शाळेच्या छतावर समोरासमोर दोन यंत्रे ब्रिज मोडमध्ये बसवावी लागतील. शाळेत उतरलेल्या केबलला स्विच व त्याला प्रत्येक इमारतीत एक यंत्र ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये जोडता येईल. या दोन्ही यंत्रांना एकच नाव व परवलीचा शब्द, परंतु २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात १, ६ व ११ यांपैकी वेगवेगळ्या वाहिन्या दिल्यास ती एकमेकांना अडथळा करणार नाहीत.

या मांडणीत पाच यंत्रे आहेत, पण राउटर एकच आहे. पाचही यंत्रे कारखान्यातून आली तशी, म्हणजे राउटर मोडमध्ये, एकापुढे एक जोडली असती, तर शेवटच्या वर्गातील संगणकापर्यंत पत्त्यांचे रूपांतर अनेकदा झाले असते आणि दोष कोठे आहे हे शोधणे कठीण गेले असते. शाळेची उपकरणे कार्यालयाच्या उपकरणांपासून वेगळी ठेवायची असल्यास शाळेसाठी दुसरा राउटर किंवा स्वतंत्र व्हीलॅन हेतुपुरस्सर वापरला जातो. असा दुसरा राउटर हा दोष नव्हे. तो नकळत उभा राहिला तरच दोष ठरतो.

पालघरमधील प्रयोग

मुंबई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेने ‘ग्राममार्ग’ या प्रकल्पांतर्गत पालघर जिल्ह्यातील काही गावांत दूरचित्रवाणीच्या न वापरलेल्या लहरींवर ब्रॉडबँड नेण्याचा प्रयोग केला. ४७० ते ५९० मेगाहर्ट्झ या पट्ट्यातील बहुतेक वाहिन्या भारतात रिकाम्या असल्याचे या संस्थेतील संशोधकांनी दाखवले होते. या लहरी ५ गिगाहर्ट्झच्या लहरींपेक्षा झाडांमधून अधिक चांगल्या जातात. प्रयोगात फायबरच्या टोकापासून गावापर्यंतचा मधला टप्पा या लहरींनी आणि गावातील शेवटचा टप्पा वाय-फायने जोडला होता. म्हणजेच मधली यंत्रे सेतूचे व गावातील यंत्रे ॲक्सेस पॉइंटचे काम करीत होती. २०१७ मध्ये मोझिला संस्थेच्या ‘इक्वल रेटिंग’ स्पर्धेत हा प्रकल्प विजेता ठरला.

पीएम-वाणी

९ डिसेंबर २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या पीएम-वाणी योजनेत किराणा दुकान किंवा चहाची टपरी यांसारख्या ठिकाणाहून सार्वजनिक वाय-फाय देता येते. अशा दुकानदाराला परवाना, नोंदणी किंवा शुल्क लागत नाही. वापरकर्त्याची ओळख पटवणे व हिशेब ठेवणे ही कामे त्याच्या वरच्या स्तरावरील संस्था करते. आपल्या घरच्या राउटरचे वाय-फाय केवळ खुले करणे म्हणजे पीएम-वाणी नव्हे. त्यासाठी योजनेशी सुसंगत ॲक्सेस पॉइंट लागतो आणि दुकानाची खासगी उपकरणे ग्राहकांच्या जाळ्यापासून वेगळी ठेवणे इष्ट असते.

आयपीची सहावी आवृत्ती

आयपीच्या सहाव्या आवृत्तीत पत्ता १२८ बिटांचा असल्याने प्रत्येक उपकरणाला स्वतःचा जागतिक पत्ता मिळू शकतो व नॅटची गरज उरत नाही. तरीही कार्यपद्धतींचे महत्त्व संपत नाही. घरासाठी मिळालेली पत्तामाला वाटणारे व फायरवॉल सांभाळणारे एक यंत्र तेथेही लागते. नॅट नाहीशी झाल्यावर बाहेरून येणाऱ्या माहितीला अडवण्याचे काम सर्वस्वी फायरवॉलवर येते. त्यामुळे ते यंत्र कोणते, हे निश्चित असणे अधिकच गरजेचे होते.

कार्यपद्धतीची निवड

निवड करताना सर्वसाधारणपणे तीन प्रश्नांची उत्तरे पाहिली जातात. जाळ्यात पत्ते वाटणारे यंत्र आधीच आहे काय? नवीन यंत्रापर्यंत केबल नेता येते काय? नवीन यंत्रामागील उपकरणे मुख्य जाळ्यातच राहावीत की वेगळी असावीत?

पत्ते वाटणारे यंत्र नसल्यास राउटर मोड निवडावा. ते असून केबल नेता येत असल्यास ॲक्सेस पॉइंट, केबल नेता येत नसल्यास अंतरानुसार रिपीटर, मेश किंवा ब्रिज, आणि उपकरणे वेगळी ठेवायची असल्यास राउटर किंवा विस्प मोड योग्य ठरतो. पद्धती बदलल्यावर यंत्राचा पत्ता बदलतो व व्यवस्थापन पान जुन्या पत्त्यावर उघडत नाही. हे बिघाडाचे लक्षण नसून अपेक्षित वर्तन आहे. प्रत्येक यंत्राची कार्यपद्धती, पत्ता व जागा एका कागदावर लिहून ठेवण्याची प्रथा लहान संस्थांत उपयुक्त ठरते. कारण यंत्रे बसवणारी व्यक्ती पुढे तेथे असेलच असे नाही.

हेही पाहा

• आयपी पत्ता
• वाय-फाय
• ऑप्टिकल फायबर
• भारतनेट
• संगणकजाल